डॉक्टरांचे उपकार आणि कागदावरची सही

प्रश्न: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून आलेलं हे पत्र ताईंनी भाचीकडून लिहून घेतलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ताई ५२ वर्षांच्या, सातवीपर्यंत शिकलेल्या. घरी चार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. सात वर्षांपासून शुगर आहे. तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडे अख्ख्या घराचा दवाखाना वीस वर्षांपासून चालतो. मुलाला साप चावला त्या रात्री दोन वाजता याच डॉक्टरांनी दार उघडलं, पहिला उपचार केला आणि स्वतःच्या गाडीतून जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचवलं. नापिकीच्या वर्षी पैसेही मागितले नाहीत. आता त्यांच्या दवाखान्यातून शुगरच्या एका नव्या औषधाचा अभ्यास सुरू होतो आहे. वर्षभर गोळ्या फुकट, तपासण्या फुकट, दर फेरीला जाण्यायेण्याचे पैसे. ‘तुम्ही यात बसता, नाव घालू का?’ असं डॉक्टरांनी विचारलं, त्यांच्याकडच्या मुलीनं जाडजूड कागद दाखवले. ताई ‘विचार करून सांगते’ म्हणून निघून आल्या. पुण्यात कामाला असलेला मुलगा फोनवर चिडला, ‘तुले उंदीर समजले का ते?’ नवरा म्हणतो, ‘ज्यानं पोरगं वाचवलं त्याले नाही म्हणशील?’ ताई विचारतात, ‘नाही म्हटलं तर उपकार विसरल्यासारखं होते, हो म्हटलं तर जिवाले भेव वाटते. काय करू?’

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या खेपेला माझं लक्ष त्या नव्या गोळीकडे गेलं, दुसऱ्या खेपेला रात्री दोन वाजता उघडलेल्या दाराकडे. तुमची खरी अडचण त्या दाराशी आहे असं मला वाटतं, म्हणून तिथूनच बोलते.

ते उपकार खरे आहेत. मोठ्या शहराकडे न जाता तालुक्याच्या गावात वीस वर्षं बसलेला, नाडीबरोबर घरची परिस्थितीही ओळखणारा डॉक्टर किती घरांना धरून असतो, हे मी जवळून पाहिलं आहे. तुम्ही ते विसरावं असं मी म्हणणारच नाही. नव्या तुरीची पायली नेऊन देता, हुरड्याला बोलावता, मुलाच्या लग्नाची पहिली पत्रिका त्यांच्या टेबलावर ठेवता, ही सगळी फेडच आहे आणि तिला मोल आहे. पण साप चावलेल्या मुलाला वाचवलं म्हणून आईनं वर्षभर नवी गोळी खावी, असा हिशेब त्या डॉक्टरांनी तरी मांडला असेल का? तुमच्या पत्रात त्यांचं एकही वाक्य तसं नाही. तो हिशेब तुमच्या घरात मांडला गेला आहे. मालकांनी तो बोलून दाखवला, तुम्ही मनातल्या मनात मान्य केला. आधी तो बाजूला ठेवू या, कारण तो डोक्यात असेपर्यंत कागदावरचं काहीच नीट वाचता येणार नाही.

आता डॉक्टरांच्या बाजूनं बघा. आजवर त्या खोलीत एकच काम होतं, तुम्हाला बरं वाटावं. अभ्यास सुरू झाला की दुसरं काम येतं. नवं औषध चालतं का, किती चालतं, कोणाला सोसत नाही, हे शोधायचं. ही दोन कामं एकच माणूस प्रामाणिकपणे करू शकतो, पुष्कळ डॉक्टर करतात. पण पेशंटला मात्र समोर नेहमीचे आपले डॉक्टरच दिसतात, आणि आपल्या डॉक्टरांना नाही म्हणणं जिवावर येतं. ही अडचण तुमच्या एकट्याची नाही, जगभरच्या डॉक्टरांना ती ठाऊक आहे. जागतिक वैद्यकीय संघटनेनं १९६४ साली हेलसिंकी इथं संशोधनाच्या नीतीचा जाहीरनामा केला, पुढे तो बऱ्याच वेळा सुधारला. त्यात म्हटलंय की पेशंट जर त्या डॉक्टरवर अवलंबून असेल, तर त्याची संमती त्या नात्याबाहेरच्या, पण जाणकार माणसानं घ्यावी. म्हणून तुम्ही सरळ म्हणू शकता, ‘मला हे सगळं दुसऱ्या कोणी तरी समजावून सांगा.’ यात डॉक्टरांचा अपमान नाही. चांगल्या डॉक्टरला उलट हायसं वाटेल.

मुलाचा राग मी समजू शकते. त्याला तुमच्या जिवाची काळजी आहे आणि त्याचा संशय हवेतून आलेला नाही. २००९ मध्ये त्या वेळच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमध्ये दहा ते चौदा वर्षांच्या हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची लस एका अभ्यासात दिली गेली. त्यात आश्रमशाळांतल्या आदिवासी मुली होत्या. काही मुलींचे मृत्यू झाले, ओरड झाली, २०१० मध्ये अभ्यास थांबवला गेला. चौकशीत त्या मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. आज ती लस जगभर दिली जाते. मग चुकलं कुठं? कित्येक मुलींच्या संमतीच्या कागदावर आईबापांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डननं किंवा हेडमास्तरनं सही केली होती. २०१३ मध्ये संसदेच्या समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले. म्हणजे लस चांगली होती, तरी माणसांशी वागणं चुकीचं होतं. तुमच्या मुलानं भीती धरली आहे ती औषधाची. विचारपूस मात्र संमतीची करायला हवी.

आणि दुसरी गोष्टही त्याला सांगा, ती आपल्याच विदर्भातली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९३ पासून ३९ गावांत एक अभ्यास केला. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळंतिणीच्या घरी जायचं, बाळाचं वजन करायचं, ऊब द्यायची, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची आणि गरज पडली तर घरीच इंजेक्शन द्यायचं. शेजारच्या ४७ गावांत नेहमीची सरकारी सेवाच होती, म्हणजे तुलना करता आली. सुरुवातीला त्या ३९ गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे साठाच्या वर बाळं पहिल्या महिन्यातच जात. घरोघरची ही सेवा सुरू झाल्यावर तिसऱ्या वर्षी हा आकडा २५ च्या आसपास आला. १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आज बाळंतपणानंतर आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येते, बाळाला तपासते, त्यामागे ही ३९ गावं आहेत. तिथल्या आयांनी आपली तान्ही बाळं परक्या पद्धतीनं तपासू दिली नसती, तर हे कळलंच नसतं. त्यांना कोणी उंदीर म्हणेल का?

मला म्हणून अभ्यास आपल्याकडे यावेत असं मनापासून वाटतं. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात तपासलेलं औषध एसीत बसणाऱ्या माणसाला कसं लागू पडतं ते कळेल. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत पऱ्हाट्या उपटणाऱ्या, सकाळी चहावर निघून दुपारी दोनला भाकर खाणाऱ्या बाईला तीच गोळी कशी सोसते, हे तुमच्यासारखीच बाई सांगू शकते. तुमच्या सहभागाला मोल आहे ते यासाठी, आणि तुमचा नकारही तेवढाच मोलाचा आहे.

आता ‘फुकट’ या शब्दाकडे येऊ. पत्रात तो दोनदा आला आहे.

तुमच्या मनात असं चित्र दिसतं की नवीन म्हणजे चांगलं औषध मिळणार आणि तेही पैसे न देता. अभ्यास असा चालत नाही. नवं औषध जुन्यापेक्षा चांगलं आहे हे आधीच माहीत असतं, तर अभ्यास कशाला केला असता? बहुतेक अशा अभ्यासांत पेशंटांचे दोन गट पाडतात, चिठ्ठी टाकून पाडावेत तसे. एका गटाला नवी गोळी, दुसऱ्याला जुनी किंवा दिसायला तशीच पण औषध नसलेली. कोणाला काय मिळालं हे पुष्कळदा डॉक्टरांनाही माहीत नसतं. शुगरच्या अभ्यासात साधारणपणे चालू गोळी तशीच ठेवून वर ही दिली जाते, पण तुमच्या अभ्यासात तसंच आहे का, हे स्पष्ट विचारा. ‘माझी आत्ताची गोळी बंद होणार का?’ हा तुमचा पहिला प्रश्न असू द्या. आणि वर्ष संपल्यावर काय? बाजारात दुसरी औषधं असताना अभ्यासातली गोळी पुढे फुकट मिळत राहील असं धरून चालू नका.

फक्त खर्चासाठी तुम्ही यात जाणार असाल तर जरा थांबा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. शुगर-बीपीच्या नेहमीच्या गोळ्या केंद्रात मिळतात. कधी साठा संपलेला असतो, रांग असते, हे मला माहीत आहे. तरी हाताशी दुसरी वाट आहे हे कळलं की सही करताना हात मोकळा राहतो. जिला दुसरी वाटच नाही तिचा होकार मला खरा वाटत नाही.

कायदा तुमच्या बाजूनं बराच आहे. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेनं औषध-चाचण्यांतल्या गैरप्रकारांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका लढवली, त्यानंतर नियम कडक होत गेले. आज नव्या औषधांच्या चाचण्या २०१९ च्या नियमांनी चालतात. अशा प्रत्येक अभ्यासाला नैतिकता समितीची, म्हणजे सहभागी माणसांचे हक्क आणि सुरक्षितता बघणाऱ्या समितीची, परवानगी लागते. तिच्यात किमान सात माणसं हवीत, निम्मी तरी त्या संस्थेच्या बाहेरची, त्यांत कायदा जाणणारा, एक तरी बाई आणि वैद्यकाशी संबंध नसलेला एक साधा माणूस. डॉक्टरांच्या दवाखान्याची स्वतःची समिती नसेल तर त्याच शहरातली किंवा पन्नास किलोमीटरच्या आतली समिती चालते. तिचं नाव आणि फोन नंबर तुम्हाला दिलेल्या कागदावर असतो. भाचीला तो शोधायला सांगा आणि खुशाल फोन करा, ती समिती तुमच्यासाठीच बसवलेली आहे. भाचीला आणखी एक काम द्या. देशातल्या औषध-चाचण्यांची एक सरकारी नोंदवही आहे, सीटीआरआय. २००९ पासून चाचणी सुरू होण्याआधी तिथं नाव नोंदवणं सक्तीचं आहे. मोबाइलवर ती कोणालाही उघडता येते. डॉक्टरांकडून नोंदणी क्रमांक मागून घ्या, तो घातला की कोणती कंपनी, कोणतं औषध, किती पेशंट, कुठले दवाखाने, सगळं दिसतं. क्रमांक नाही म्हणाले तर तिथंच थांबा, मग डॉक्टर कितीही जवळचे असोत.

अभ्यासामुळे तब्येत बिघडली तर उपचार मोफत मिळायला हवेत, आणि ते लागतील तोवर किंवा त्रासाचा अभ्यासाशी संबंध नाही हे ठरेपर्यंत. इजा किंवा मृत्यू औषधामुळे झाला असेल तर नुकसानभरपाई औषध कंपनीला, म्हणजे जिनं अभ्यास लावला तिला द्यावी लागते. दवाखान्यात भरती करावं लागण्याइतका गंभीर त्रास झाला तर डॉक्टरांनी चोवीस तासांच्या आत वर कळवायचं असतं. औषध अगदी नव्या रसायनाचं असेल आणि सहभागी माणूस गरिबीमुळे किंवा अडाणीपणामुळे दबण्यासारखा असेल, तर संमतीचं व्हिडिओ चित्रीकरणही करतात. कॅमेरा बघून घाबरू नका. तुम्हाला खरंच समजावून सांगितलं का, याचा तो पुरावा असतो.

कागद मराठीत हवा. मराठीत असूनही न कळणारा असेल, आणि असे असतात, तर तोंडी समजावून घ्या. तुम्ही सातवीपर्यंत शिकलात म्हणता, म्हणजे सही कराल. तुमच्या शेजारणीला वाचता येत नसेल तर तिच्या अंगठ्याशेजारी अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदाराची सही लागते. कागदाची एक प्रत तुम्हाला मिळायलाच हवी. ती ट्रंकेत ठेवू नका, शुगरच्या फाइलीत ठेवा, म्हणजे अर्ध्या रात्री दुसऱ्या दवाखान्यात जावं लागलं तर तिथल्या डॉक्टरला कळेल की तुम्ही कोणत्या अभ्यासात आहात.

आता तुमच्या रोजच्या जगण्याचं बोलू, कारण छापील कागदावर ते नसतं. वेचणीच्या दिवसांत तुम्ही शेतात असता. गोळीनं शुगर एकदम उतरली तर घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, बोलणं अडखळतं. हे ओळखायला सोबतच्या बायकांना शिकवून ठेवा आणि ओटीत गुळाचा खडा किंवा साखरेची पुडी असू द्या. डॉक्टरांना विचारा, ‘असं शेतात झालं तर फोन कोणाला लावू, आणि रात्री तो उचलाल का?’ उपास सांगा. एकादशी, चतुर्थी, नवरात्र, जे धरता ते सगळं. आणि गावातल्या वैदूची भुकटी किंवा कडू काढा घेत असाल तर तेही सांगा. बायका हे लपवतात, डॉक्टर रागावतील म्हणून. अभ्यासात ते लपवणं तुमच्या जिवाला महाग पडू शकतं, आणि त्या औषधाची खरी माहितीही त्यांच्या हाती लागणार नाही.

पैशांचं थोडक्यात. तिकीट आणि बुडालेली मजुरी भरून देणं योग्य आहे. पण पैसे इतके असतील की नको असताना तुम्ही हो म्हणाल, तर ते बरोबर नाही. मध्येच सोडलं तर झालेल्या फेऱ्यांचे मिळतील का, हे आधीच विचारा. तुमच्याकडून गोळी किंवा तपासणीचे पैसे कोणी मागत असेल तर त्या अभ्यासात काही तरी गडबड आहे. कंपनी डॉक्टरांनाही या कामाचे पैसे देते, त्यात बेकायदा काही नाही, आणि ते विचारायचाही तुम्हाला हक्क आहे. तुम्हाला जड जाईल, म्हणून हा प्रश्न त्या कागदवाल्या मुलीला विचारा.

मालकांना आणि मुलाला सोबत बसवा, ऐका, पण सही तुमची आहे. ती मालकांच्या सांगण्यावरून होऊ नये आणि मुलाच्या रागामुळे थांबूही नये.

नाही म्हणायचं ठरलं तर शब्द शोधत बसू नका. हे असं म्हणा: ‘डॉक्टरसाहेब, तुमच्यावर माहा विश्वास आहे म्हणूनच मोकळं सांगून राहिली. मले या अभ्यासात नाही यायचं. माह्या गोळ्या पहिल्यासारख्याच चालू ठेवा.’ एवढंच. कारण द्यावं लागत नाही. हो म्हटल्यावर चार महिन्यांनी नको वाटलं तरी हेच वाक्य चालतं, फक्त गोळी अचानक स्वतःहून बंद करू नका, आधी कळवा. नकारानंतर तुमच्या नेहमीच्या उपचारात कणभरही फरक पडता कामा नये, तसं कागदावरच लिहिलेलं असतं. मला वाटतं तुमचे डॉक्टर हसून ‘बरं’ म्हणतील. आणि समजा चेहरा पडला, तर तो त्यांचा एका दिवसाचा प्रश्न आहे, तुमच्या वर्षभराचा नव्हे.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं? नोंदणी सापडली, चालू गोळी बंद होत नसेल, रात्रीचा फोन नंबर मिळाला, आणि तुमच्याआधी शेकडो माणसांनी ते औषध घेऊन झालं असेल, तर मी बहुधा हो म्हटलं असतं. यातलं एक जरी नसतं तर नाही. पण शरीर तुमचं आहे, शेतही तुमचं, माझ्या ‘हो’ला इथं फारशी किंमत देऊ नका.

एक प्रश्न बहुतेक कोणीच विचारत नाही, तो मात्र तुम्ही माझ्यासाठी विचारा. माझ्या आईनं खूप वर्षांपूर्वी एका अभ्यासासाठी रक्त दिलं होतं. चांगली माणसं होती, गोड बोलली, दोन नळ्या भरून घेऊन गेली, परत कोणी आलं नाही. आई पुढे कित्येक वर्षं विचारायची, ‘त्या रक्तात काय निघालं गं?’ मला उत्तर देता आलं नाही, आणि ती गेली तेव्हाही ते माहीत नव्हतं. म्हणून विचारा: अभ्यास संपल्यावर काय कळलं ते आम्हाला कोण सांगेल, कधी, आणि मराठीत सांगेल का? उत्तर कागदावर लिहून घ्या.

आणि ताई, बाजाराच्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी दवाखान्यात उभं राहायला जागा नसते, डॉक्टर दोन मिनिटांत पेशंट बघतात, घाईत सही होऊन जाते. मधल्या वारी, दुपारची गर्दी ओसरल्यावर जा. आधी कागद घरी आणा. रात्री भाचीला मोठ्यानं वाचायला सांगा, जिथं समजलं नाही तिथं पानाचा कोपरा दुमडा. जितके कोपरे दुमडले असतील, तितके प्रश्न घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि सगळ्यांची उत्तरं मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.